आठशे ग्रॅम

आज सकाळी काट्यावर कालच्यापेक्षा आठशे ग्रॅम जास्त. काल रात्री तर धड जेवलेही नव्हते. ताईचा फोन आला तेव्हा तिने आवाजावरूनच ओळखलं, "आज पण वजन केलंस ना?" मी विषय बदलला.

एका रात्रीत एवढी चरबी चढत नाही, हे मला नीट ठाऊक आहे. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7700 कॅलरी. आठशे ग्रॅमसाठी रोजच्या गरजेवर आणखी सहा हजारांच्या वर पोटात जायला हव्या होत्या. म्हणजे हे पाणीच. खारट खाल्लं की शरीर पाणी धरून ठेवतं, पाळीच्या आधी धरतं. ग्लायकोजेनचा, म्हणजे शरीरात साठवून ठेवलेल्या साखरेचा, साठा वाढला तरी प्रत्येक ग्रॅममागे जवळपास तीन ग्रॅम पाणी सोबत येतं. सगळं पाठ आहे. तरी पोटात गोळा आलाच.

इतकं चालायचं, इतकं मन मारायचं, आणि त्याचं हे? खूप एकटं वाटलं सकाळी. ते जाऊ दे.

जुना काटा स्प्रिंगचा होता. सुई दोन रेघांच्या मध्ये कुठेतरी थांबायची, मान जरा कलती केली की निराळीच दिसायची. म्हणून या वेळी मुद्दाम 100 ग्रॅमचा फरकही दाखवणारा डिजिटल घेतला. पण आकडा बारीक दिसला म्हणून तो तितका अचूक असतोच असं नाही. याच्या चार कोपऱ्यांत सेन्सर आहेत. आपल्या भाराने आतला धातू किंचित वाकतो, त्यावरच्या बारीक तारेचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून वजन निघतं. म्हणून काटा सपाट, कडक फरशीवरच हवा. चटईवर ठेवला की भलतंच काहीतरी दाखवतो. चरबीचं प्रमाण सांगणारेही काटे होते. ते तळपायांतून अगदी सौम्य वीज सोडून अंदाज बांधतात, म्हणजे तिथेही पुन्हा पाण्याचाच खेळ. शिवाय पेसमेकर असलेल्यांनी त्यावर उभं राहायचं नसतं. घरात बाबा आहेत, त्यामुळे तो विचार तिथेच संपला.

पण मला टोचतंय ते वेगळंच. आज उठले तेव्हा छान वाटत होतं. गुडघा दुखत नव्हता, झोप पुरी झाली होती. आकडा बघितला आणि ते छान वाटणं खोटं ठरल्यासारखं झालं. गुडघा तर तेव्हाही दुखत नव्हता! मग एवढ्यात बदललं काय? दुपारभर हेच डोक्यात. माझं मला बरं वाटतंय, यावर माझा विश्वास बसायला काट्याची संमती कशाला लागते? आई असती तर... असो.

संध्याकाळी वही काढून मागच्या आठवड्यांचे आकडे लिहून काढले. रोजचे आकडे नुसते वरखाली उड्या मारताहेत, पण आठवड्याची सरासरी हळूहळू उतरतेय. फार नाही, पण उतरतेय. वजन रोज एकाच वेळी करायचं, उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, आणि बघायची ती सरासरी. म्हणजे असे आठशे ग्रॅम पुन्हा येणार, आणि मला वाईटही वाटणार. वाटू दे. गुडघ्याचं मात्र आजपासून वहीत आकड्याच्या आधी लिहिणार आहे.