तुम्ही विचारलंत म्हणून: "वहिनी, तुमची टीम दोघांच्याच जिवावर होती ना?"

ह्या वर्षी, म्हणजे २०२५ ला, गणपतीत परत तेच. हातात मोदकाची प्लेट, मागे कोणीतरी आरतीची पुस्तकं वाटतंय, आणि एक गृहस्थ (दरवर्षी तेच असतात, भाऊ सॅन होजेला असतो म्हणून हे बास्केटबॉलमधल्या गोल्डन स्टेट वॉरियर्सवाले, मी पोर्टलंडवाली) मला म्हणाले, "काय वहिनी, लिलर्ड परत आला म्हणे. आता पुन्हा गार्डांच्याच जिवावर का?" मी हसले, "अहो मसालेभात घेतलात का" म्हणून विषय बदलला. गेली आठ-दहा वर्षं मी ह्या प्रश्नाला मसालेभात वाढतेय. ऑफिसात, पुण्याच्या भाच्याच्या मेसेजमध्ये, एकदा तर डेंटिस्टच्या खुर्चीत तोंड उघडं असताना. म्हणून आता एकदाच सगळं लिहून टाकते, पुढच्या वेळी लिंक पाठवीन.

प्रश्न असा की एनबीएमधली (अमेरिकेची बास्केटबॉल लीग) आमची टीम, पोर्टलंड ट्रेल ब्लेझर्स, डेमियन लिलर्ड आणि सीजे मॅकॉलम ह्या दोन गार्डांवर (बाहेरून बॉल घेऊन खेळ चालवणारे ते गार्ड) गरजेपेक्षा जास्त अवलंबून होती का. आणि तो प्रश्न म्हणून कोणी विचारत नाही, उत्तर आधीच ठरवून आलेले असतात सगळे, मी फक्त मान हलवायची.

तर हो. होती. २०१७-१८ मध्ये लिलर्ड मॅचला २६.९ पॉइंट काढत होता आणि सीजे २१.४, म्हणजे टीमच्या निम्म्याला थोडेच कमी पॉइंट दोन माणसांचे. झालं समाधान? आता पुढचं ऐका, कारण इथे सगळे चहा प्यायला निघून जातात.

२०१५ च्या उन्हाळ्यात सुरुवातीच्या पाचातले चार जण गेले. ऑल्ड्रिज, मॅथ्यूज, बाटुम, लोपेझ. चार! घरातले चार कमावते गेले आणि एक राहिला तर घर त्याच्यावर चालतं, ह्याला "अवलंबून" म्हणून नाक मुरडायचं की आभार मानायचे? सीजे तोपर्यंत बाकावर बसायचा, त्या सीझनला उभा राहिला आणि मोस्ट इम्प्रूव्ह्ड प्लेअर (लीगमधला सगळ्यात सुधारलेला खेळाडू) झाला. सगळे म्हणत होते टीम तळाला जाणार, ४४ मॅच जिंकली आणि प्लेऑफचा (सीझननंतरची बाद फेरी) पहिला राउंडही काढला. मग २०१६ च्या उन्हाळ्यात लीगमध्ये टीव्हीचा पैसा आला आणि आमच्या मॅनेजमेंटने एव्हन टर्नरला चार वर्षांचे ७० मिलियन दिले, ॲलन क्रॅबला दुसऱ्या टीमने दिलेली ७५ ची ऑफर मॅच केली, मेयर्स लेनर्डला ४१. ज्यांनी त्या दोघांचं ओझं हलकं करायचं, त्यांच्यावर पैसा आधीच संपला. विचारायचंच असेल तर हे विचारा ना. पण नाही, लिलर्डचं नाव घेतलं की मजा येते.

आता ती रात्र सांगते, कारण माझं सगळं तिथेच अडकलंय.

१४ एप्रिल २०१८, शनिवार. सकाळी नागपूरला आईला फोन केला तर मागे जयंतीच्या मिरवणुकीचे ढोल, तिला माझं ऐकू येईना, मी ओरडून सांगतेय की आज मॅचला चाललोय, ती म्हणते लग्नाला? प्लेऑफचा पहिला राउंड, न्यू ऑर्लिन्स पेलिकन्सशी, मोडा सेंटरमध्ये. क्रमवारीत आम्ही तिसरे, ते सहावे. फेब्रुवारी-मार्चमध्ये आम्ही सलग १३ जिंकलेलो. लेक तेव्हा नऊ वर्षांची, तिला लिलर्डचा शून्य नंबरचा टीशर्ट गुडघ्यापर्यंत येत होता. बीव्हरटनहून मॅक्सने (इथली लोकल ट्रेन) गेलो, अख्खा डबा लाल-काळा. सीट्स अगदी वर, तीनशेच्या सेक्शनमध्ये, पण बास्केटबॉल वरून बघायलाच मजा, कोण कुठे उभं आहे ते कळतं.

आणि कळलंच. पहिल्या काही मिनिटांतच. लिलर्ड स्क्रीन घ्यायला (म्हणजे आपल्याच माणसाच्या आडोशाने सुटायला) आला की पेलिकन्सचे दोघं त्याच्यावर. एक अंगाला चिकटलेला, तो बहुतेक ज्रू हॉलिडे, आणि दुसरा उंच, हात वर करून. हाफ कोर्टच्या जरा पुढेच. लिलर्डने बॉल सोडला की मग तिकडे आमचे चार विरुद्ध त्यांचे तीन, म्हणजे खरं तर फायदा आमचा, शाळेतल्या पोरालाही कळेल. बॉल मधे आमच्या उंच नुर्किचकडे, तिथून कॉर्नरला. कॉर्नरमधला माणूस एकटा. आणि तो बॉल धरून एक क्षण बघतो. बस. तो एक क्षण. तेवढ्यात डिफेन्स आला.

नवऱ्याला (तो क्रिकेटवाला) मी दंडाला धरून दाखवत होते, "तो बघ, तो बघ, परत थांबला." तो म्हणाला तुला कसं आधीच कळतं?

तर हे असं कळतं. नागपूरला कॉलेजच्या टीममध्ये आमच्याकडेही दोन गार्ड होत्या, दोघी भारी, आणि आमच्या सरांची प्ले एकच, दोघींतली जी मोकळी तिला बॉल. मी तिसरी-चौथी कोणीतरी. माझं काम पळायचं, रिबाउंडला उडी मारायची आणि बॉल आला की त्या दोघींकडे परत. इंटर-कॉलेजच्या सेमीफायनलला समोरच्या टीमने शेवटी शेवटी एकीवर दोन पोरी लावल्या. तिने बरोबर केलं, बॉल मला दिला. मी कॉर्नरला, सिमेंटचं कोर्ट, बूट तापलेले, आजूबाजूला दहा फुटांत कोणी नाही. मागून कोणीतरी ओरडलं "मार ना बे!" आणि मी बॉल परत तिलाच दिला. दोन पोरींच्या मधे उभी असलेल्या तिला. तो गेलाच अर्थात, त्यांनी तिकडे जाऊन बास्केट केली, आणि आम्ही एका पॉइंटने हरलो. त्याहून वाईट म्हणजे सर मला काहीच बोलले नाहीत. तिला बोलले. "तिला पास कशाला दिला?" मी तिथेच उभी होते, पाण्याची बाटली हातात.

ह्याला आता सत्तावीस वर्षं झाली. मी कोणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा त्या रात्री वर बसून पहिल्यांदा सांगितलं, आणि तो बिचारा म्हणाला, "अगं पण मग शॉट मारायचास ना." थँक्यू.

असो. मॅच. लिलर्डने २३ शॉट मारले, त्यातले ६ च बास्केटमध्ये गेले. सीजेचंही तसंच. बरेच मागे पडलो आणि मग चौथ्या क्वार्टरमध्ये हळूहळू वर आलो, अख्खं स्टेडियम उभं, लेक खुर्चीवर चढलेली. शेवटचे काही सेकंद, एका बास्केटचा फरक, आणि बॉल गेला पॅट कॉनटनकडे. तिसऱ्या-चौथ्याकडे! त्याने परत दिला नाही, थांबला नाही, सरळ आत घुसला लेअपला. मी "जा!" म्हणून जे ओरडले ते माझं मलाच ऐकू आलं. आणि हॉलिडेने तो लेअप ब्लॉक केला. ९७-९५. संपलं.

परतीच्या गाडीत कोणी बोलेना. झू च्या खालचा तो लांब बोगदा लागतो ना, तिथे नुसते सगळे काचेत आपापली तोंडं बघत होते. लेक म्हणाली, "लिलर्डने का नाही मारला शेवटचा?" समोर बसलेले एक आजोबा, त्यांना मराठी काय कळणार, पण लिलर्डचं नाव ऐकून मान हलवली त्यांनी.

पुढच्या तिन्हीही हरलो. ४-०. चौथ्या मॅचला पेलिकन्सच्या डेव्हिसचे ४७, हॉलिडेचे ४१. सिरीजमध्ये लिलर्डची सरासरी १८.५, शॉट ३५ टक्के. आणि त्या रविवारी मी आमच्या ग्रुपवर लिहिलं, अजून स्क्रीनशॉट फिरतो त्याचा, "सीजेला विका. आजच विका. दोन सारखे गार्ड घेऊन कोणी जिंकत नाही." म्हणजे तुम्ही मला जे ऐकवता ते मीच आधी लिहिलंय. पेलिकन्सच्या सिरीजमध्ये सीजेच त्यातल्या त्यात खेळला होता हे तेव्हा दिसलं नाही मला. राग आला की ज्याची किंमत येईल ते विकायला काढतो माणूस.

"सारखे" हा शब्द मात्र मी अजून सोडलेला नाही. वॉरियर्सवाले म्हणतात, आमचेही दोन गार्डच होते, करी आणि क्ले. अहो पण क्ले थॉम्प्सनने डिसेंबर २०१६ मध्ये एका मॅचला ६० पॉइंट केले, ११ ड्रिबलमध्ये. अकरा! अख्ख्या मॅचमध्ये बॉल त्याच्या हातात दीड मिनिट होता. वर तो साडेसहा फूट उंच, समोरचा सगळ्यात भारी गार्ड तोच धरणार. आमचे दोघेही सव्वासहा फुटांच्या आतबाहेर, दोघांनाही बॉल हातात लागतो, आणि डिफेन्सला दोघांपैकी एकाला तरी लपवावं लागतं, आणि दोघं असले की लपवायचं कुठे. म्हणजे दोघांवर अवलंबून राहणं हा प्रॉब्लेम नव्हता, दोघं एकच काम करत होते हा होता. असं मी म्हणते.

असं म्हणते आणि मग मला १२ मे २०१९ आठवतं. मदर्स डे. डेन्व्हरमध्ये सातवी मॅच, दुसरा राउंड, घरी मला कोणी किचनमध्ये जाऊ देत नव्हतं म्हणून मी दुपारपासून टीव्हीसमोर. १७ ने मागे. लिलर्डचे त्या दिवशी १७ शॉटपैकी ३ च गेले आत. आणि सीजेने ३७ काढले, मागून पळत जाऊन जमाल मरेचा लेअप ब्लॉक केला, १००-९६ जिंकलो, १९ वर्षांनी कॉन्फरन्स फायनल (लीगच्या आमच्या अर्ध्या भागाची). एक बंद पडला तर दुसरा तेच काम करू शकत होता म्हणूनच जिंकलो की! वेगळा कोणी असता, उंच, डिफेन्सवाला, नीट कॉर्नरमध्ये उभा राहणारा, तर ते ३७ कोणी काढले असते? आणि बरं, ज्याच्या ७० मिलियनवरून मी वर एवढं लिहिलं त्या टर्नरनेही त्या मॅचला १४ काढले. ग्रुपवर कोणीतरी माझा स्क्रीनशॉट टाकला लगेच. मी नमस्काराचा इमोजी टाकला. पुढे वॉरियर्सने ४-० केलं ते काढू नका, लिलर्डची बरगडी दुखावलेली होती आणि नुर्किचचा पाय मार्चमध्येच मोडलेला. (बघा, परत बचाव. सवय झाली आहे.)

२०२१ ला डेन्व्हरशीच पाचवी मॅच, लिलर्डचे ५५, बारा थ्री (लांबून मारलेले तीन-तीन पॉइंटचे), दोनदा शेवटच्या क्षणी बरोबरी, आणि दुसऱ्या ओव्हरटाइमला सीजेचा पाय बाहेरच्या रेषेवर पडला, बॉल त्यांना आणि हरलो. त्यावर मला लिहायचं नाही. ज्यांनी बघितलंय त्यांनी बघितलंय.

फेब्रुवारी २०२२ मध्ये सीजेला विकलं एकदाचं. पेलिकन्सलाच, म्हणजे बघा. मग काय झालं? दोघांवरचं अवलंबणं गेलं आणि एकावर आलं. २०२२-२३ मध्ये लिलर्डची सरासरी ३२.२, फेब्रुवारीत ह्यूस्टनविरुद्ध एकट्याने ७१ काढले, आणि टीम ३३-४९, प्लेऑफला नाही. बाकीचे कॉर्नरमध्ये उभे राहून बघायचे. मला नका सांगू ते बघणं काय असतं.

आणि हो, तो कॉनटन. २०१८ च्याच उन्हाळ्यात मिलवॉकीला गेला आणि २०२१ ला चॅम्पियन झाला, फायनलमध्ये महत्त्वाचे थ्री मारले, आणि त्या टीममध्ये हॉलिडेही होता, दोघं एकाच बाजूने. माणूस तोच. तिथे त्याला बॉल मिळायचा तेव्हा कोणी "तिला पास कशाला दिला" म्हणत नसावं, असं आपलं मला वाटतं. पण तिथे यानिससारखा सुपरस्टार होता, तेव्हा ह्यावरूनही काही सिद्ध होत नाही, माहितेय मला.

२०२३ ला लिलर्डनेच ट्रेड मागितला, मिलवॉकीला गेला, मी दोन महिने मॅच बघितल्या नाहीत. २०२५ च्या एप्रिलमध्ये त्याची अकिलीस (टाचेमागची जाड शीर) तुटली, मिलवॉकीने सोडून दिलं, जुलैत तो परत आमच्याकडे आला. २०२५-२६ चा सीझन तर खेळणारही नाही बहुधा. आणि त्याच उन्हाळ्यात बॉस्टनहून आमच्याकडे दुसरा कोण आला, तर ज्रू हॉलिडे. दोघंही १९९० चे, दोघंही गार्ड, दोघंही पस्तिशीचे. भाच्याचा पुण्याहून फोटो आला, आमच्या जर्सीतला हॉलिडे, खाली लिहिलेलं, "आत्या, हा तोच ना?"

लेक आता सोळाची. वाढदिवसाला नवीन जर्सी हवी म्हणते, शून्य नंबरची आता जुनी झाली, हॉलिडेची घेऊया, डिफेन्स काय करतो तो मम्मा. मी म्हटलं टीममध्ये कोणाचीही घे, त्याची घरात येणार नाही. तिला ती रात्र आठवतच नाही, फक्त बोगदा आठवतो म्हणाली. ती झोपल्यावर मी साइटवर जाऊन किंमत बघितली. सेलची वाट बघतेय.