हरिश्चंद्रगडाच्या वाऱ्यात टिकणारा ट्रायपॉड

ऑक्टोबरच्या अखेरीस अमावास्या गाठून आम्ही तिघे हरिश्चंद्रगडावर गेलो, ते कोकणकड्यावरून मावळती आकाशगंगा टिपायला. या दिवसांत अंधार पडतो तेव्हा धनू रास, जिच्या दिशेला आकाशगंगेचा गाभा दिसतो, नैर्ऋत्येला कललेली असते आणि नऊ-सव्वानऊपर्यंत क्षितिजाखाली जाते. रात्रभर जागावं लागत नाही, पण हातात जेमतेम दीड तास असतो, आणि तोही कड्यावरच्या वाऱ्यात. तिघांकडे तीन तऱ्हेचे ट्रायपॉड होते, त्यामुळे एकाच जागी, एकाच वाऱ्यात त्यांची तुलना आपोआपच झाली. डोंगरावर न्यायला ट्रायपॉड घेणाऱ्यांनी ती जरूर वाचावी.

आधी वाट. कल्याणहून माळशेज घाट चढून किंवा पुण्याहून आळेफाट्यामार्गे खुबी फाट्याला उतरायचं. तिथून पिंपळगाव जोगे धरणाच्या कडेने खिरेश्वर. पुढे तोलार खिंड, मग रेलिंग लावलेला कातळटप्पा, आणि त्यानंतर टेकड्यांमागून टेकड्या पार करत मंदिर. आरामात चाललं तर चार-पाच तास मोडतात. नगर जिल्ह्याच्या (आता अहिल्यानगर) बाजूने, राजूरहून पाचनईला आलात तर दोन तासांत वर पोचता. कॅमेऱ्याचं ओझं असेल तर पाचनईच घ्या, असं मी स्पष्ट सांगेन. नळीची वाट म्हणजे कोकणातून वर येणारी अवघड घळ; तिचा विचार ट्रायपॉड पाठीवर असताना करूच नका.

आम्ही खिरेश्वरने गेलो आणि तोलार खिंडीच्या वरच ‘सुटसुटीत’ म्हणजे काय ते कळलं. कातळटप्प्यावर दोन्ही हात मोकळे लागतात, त्यामुळे ट्रायपॉड सॅकलाच घट्ट बांधलेला हवा. मित्राचा जुना ॲल्युमिनियमचा ट्रायपॉड हेडसकट (कॅमेरा बसवायचा वरचा फिरता भाग) अडीच किलोच्या वर, मिटल्यावरही दोन फुटांहून लांब. सॅकच्या बाजूच्या खिशात ठेवला की वरचा अर्धा भाग डोक्याच्या बरोबरीने येतो, कारवीच्या फांद्यांत अडकतो आणि वळताना तोल एका अंगाला ओढतो. वजन खांद्यांना एकवेळ सोसतं, लांबी मात्र प्रत्येक वळणावर त्रास देते. म्हणून घेताना आधी मिटलेली लांबी बघा: ४० ते ४५ सेंटीमीटर असेल तर तो सॅकच्या खिशात नीट बसतो, एसटीच्या रॅकवरही मावतो. बांधताना हेड खाली आणि पाय वर ठेवा, हेडभोवती जुना टी-शर्ट गुंडाळा, आणि वरचा पट्टा सॅकच्या दाबपट्टीतून ओढून घ्या. कातळावर सॅक घासली तरी बॉल हेडच्या नॉबला धक्का लागत नाही.

मंदिराजवळ टेकलो तेव्हा दुपार कलली होती. केदारेश्वराच्या गुहेत पाण्यात उभं शिवलिंग, भोवती चार खांबांपैकी एकच शाबूत. आत उजेड इतका कमी की शटर काही सेकंद उघडं ठेवावं लागतं. पाण्यात ट्रायपॉड रोवू नका. ते पूजेचं ठिकाण आहे, आणि शिवाय हलत्या पाण्यात तळ दिसत नाही. कोरड्या कडेवर बसून, पाय पूर्ण फाकवून, कॅमेरा गुडघ्याएवढ्या उंचीवर आणला की काम होतं. त्यासाठी पायांना निदान दोन-तीन कोनांत थांबणाऱ्या खुट्ट्या हव्यात आणि मधला खांब, म्हणजे सेंटर कॉलम, आखूड किंवा काढता येणारा हवा. लांब कॉलम असला की तो जमिनीला टेकतो आणि पाय फाकतच नाहीत.

सूर्य मावळायच्या आत आम्ही कड्यावर जागा हेरून ठेवली. तंबूवाले मामा म्हणाले, “कड्याच्या तोंडाला नको, जरा मागं घ्या, रातच्याला वारं फिरतं.” त्यांचं ऐका. कोकणकडा अर्धगोल, आत वळलेला आहे. खालून येणारा वारा भिंतीला धडकून सरळ वर उसळतो, टाकलेलं गवत परत अंगावर येतं. त्यामुळे काठापासून चांगलं मागे राहा. ट्रायपॉड उजेडातच उभा करा, त्याच्या पायांना अंधारात चमकणारी पट्टी लावा, आणि काळोख पडल्यावर त्याच्या पुढे कुणी जायचं नाही हा नियम पाळा.

अंधार झाला. कल्याण-मुंबईकडचा पिवळट उजेड पश्चिमेला पसरला होता, त्याच्या डावीकडे आकाशगंगेचा पट्टा तिरपा उतरत होता. १६ मिलिमीटरची लेन्स, एफ २.८, आयएसओ ३२००, शटर २० सेकंद. तारे ठिपक्यासारखेच यावेत म्हणून शटर किती वेळ उघडं ठेवायचं, यासाठी ५०० ला लेन्सच्या फोकल लेंथने (इथे १६) भागायचा जुना हिशोब ३१ सेकंद देतो, पण आजच्या सेन्सरवर तेवढ्यात तारे लांबट दिसू लागतात. या २० सेकंदांत कॅमेरा केसभरही हलता कामा नये.

तिसऱ्या मित्राचा ट्रायपॉड वर्षभरापूर्वी ऑनलाइन घेतलेला. पाच सेक्शनचा (म्हणजे प्रत्येक पायात एकात एक सरकणाऱ्या पाच नळ्या), किलोभराचा, खोक्यावर भारक्षमता आठ किलो लिहिलेली. त्याचा शेवटचा सेक्शन करंगळीहून बारीक. पाय पूर्ण उघडून त्याने लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर, एक तारा मोठा करून पाहिला तर तारा सतत थरथरत होता, वाऱ्याचा झोत आला की चौकटीबाहेर जात होता. शेजारी जड ॲल्युमिनियमवर तोच तारा जवळजवळ स्थिर. माझा कार्बन फायबरचा, चार सेक्शनचा, वरची नळी २८ मिलिमीटरची, हेड धरून पावणेदोन किलोच्या आतबाहेर. त्यावर झोत आला की तारा हलायचा, पण दुसऱ्याच क्षणी जागेवर यायचा. कंप चटकन विरणं हाच कार्बनचा खरा फायदा. किंमत ॲल्युमिनियमच्या दुप्पट-तिप्पट जाते, पण जो माणूस वर्षानुवर्षं डोंगर चढणार आहे त्याने ती द्यावी असं माझं मत आहे. गाडीतून उतरून फोटो काढणाऱ्याने ॲल्युमिनियमच घ्यावा, उगाच पैसे घालू नयेत.

खोक्यावरच्या भारक्षमतेच्या आकड्यावर विसंबू नका. तो प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने काढते. त्याऐवजी सगळ्यात खालची नळी हातात धरून बघा. प्रत्येक सेक्शनला जाडी साधारण ३ ते ४ मिलिमीटरने उतरते. वरची २८ असेल आणि चार सेक्शन असतील तर खाली १६ ते १९ च्या आसपास मिळते. वरची २२ आणि पाच सेक्शन असतील तर खाली पेन्सिलीपेक्षा थोडीच जाड काडी उरते. दुकानात पाय पूर्ण उघडायला लावा, कॉलम खालीच ठेवा, हेडवर तळहात दाबून पिळा. पीळ जाणवला तर तो पुढे वाढणारच. पायाला टिचकी मारून कंप किती वेळ टिकतो तेही बघा. दुकानदार कंटाळला तरी चालेल.

त्या रात्री मित्राचा हलका ट्रायपॉडही आम्ही कामाला लावला. खालचे दोन सेक्शन मिटवले, कॉलम पूर्ण खाली केला, ट्रायपॉड कमरेखाली आला. कॅमेऱ्याचा पट्टा काढून टाकला, कारण तो वाऱ्यात शिडासारखा फडफडतो आणि बराच कंप त्यातून येतो. कापडी पिशवीत दगड भरून ती कॉलमखालच्या हुकाला अडकवली, पण अशी की तिचा तळ जमिनीला टेकेल. अधांतरी पिशवी झुलते आणि असलेली स्थिरताही घालवते. एक पाय वारा ज्या बाजूला ढकलतो तिकडे रोखला. लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदांचा टायमर चालू. एवढ्यावर त्यालाही दोन-तीन सुरेख फ्रेम मिळाल्या.

लॉक फिरवायचे की खटक्याचे, यावर लोक फार वाद घालतात. मला दोन्ही चालतात. फिरवायचे लॉक झाडीत अडकत नाहीत, खटक्याचे अंधारात बंद आहेत की नाही ते बोटाला लगेच कळतं. कॅमेऱ्याच्या तळाला लागून हेडमध्ये बसणारी प्लेट मात्र आर्का-स्विस पद्धतीचीच घ्या, हरवली तर कुठेही दुसरी मिळते. कातळावर रबरी पाय, माती-गवतावर टोकदार खिळे. खिळे कातळावर घसरतात. ऑक्टोबरात दव भरपूर पडतं, तेव्हा घरी आल्यावर सगळे सेक्शन बाहेर काढून, पुसून, उघडेच वाळू द्या. हाच ट्रायपॉड कोकणात समुद्रात उभा केलात तर त्याच रात्री गोड्या पाण्याने धुवा.

उन्हाळ्याच्या तोंडाला जाणार असाल तर बेत बदला. मार्चमध्ये आकाशगंगेचा गाभा पहाटे आग्नेयेला उगवतो, त्यामुळे कोकणकडा उपयोगाचा नाही. तारामतीचा, म्हणजे गडावरच्या सर्वांत उंच शिखराचा, माथा गाठा. वर जागा आटोपशीर आणि वारा चारी बाजूंनी, तेव्हा दगडांची पिशवी मंदिराच्या आवारातूनच रिकामी घेऊन चला, दगड वर भरता येतात.