डिस्क ठणठणीत आहे, मग ग्रब तिला ओळखत का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून, पुन्हा एकदा. लाइव्ह यूएसबीवरून पार्टिशन उघडतं, फायली दिसतात, एफएससीकेला (फाइलसिस्टिम तपासणारी आज्ञा) काही सापडत नाही; तरी मशीन सुरू केलं की ग्रब, म्हणजे लिनक्स सुरू करून देणारं बूटलोडर, म्हणतं 'अननोन फाइलसिस्टिम' आणि खाली 'ग्रब रेस्क्यू'. लगेच पुढचा प्रश्न: फॉरमॅट करू का? नका करू.

फायली वाचणारे इथे दोघे आहेत. कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, एक्स्ट४ (लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टिम) ड्रायव्हर वेगळा, ग्रबचा वेगळा. एकाला उमगलं ते दुसऱ्याला उमगेलच असं नाही.

रेस्क्यूमध्ये आधी 'एलएस' (यादी दाखवणारी आज्ञा), मग प्रत्येक पार्टिशनवर 'एलएस (एचडी०,जीपीटी२)', म्हणजे पहिली डिस्क, दुसरं पार्टिशन. एक्स्ट४ असूनही उत्तरात 'एक्स्ट२' दिसलं तर बिचकू नका, एक्स्ट२, ३, ४ या तिन्ही पिढ्यांना तिथे एकच ड्रायव्हर आहे. स्वॅप किंवा एनटीएफएस 'अननोन' दिसणारच, कारण कोअर इमेजमध्ये (ग्रबचा आधी लोड होणारा छोटा भाग) बहुधा फक्त /बूटच्या, म्हणजे कर्नल आणि ग्रबच्या फायली असतात त्या जागेच्या, फाइलसिस्टिमचं मॉड्यूल भरलेलं असतं. /बूटचं पार्टिशन ओळखलं गेलं तर फक्त क्रमांक बदललाय: प्रीफिक्स (ग्रब आपल्या फायली शोधतं तो पत्ता) '(एचडी०,जीपीटी२)/बूट/ग्रब' असा सेट करा, 'इन्समॉड नॉर्मल', मग 'नॉर्मल'. मशीन वर आलं की ग्रब-इन्स्टॉल चालवा, आणि तेही पूर्ण डिस्कवर, पार्टिशनवर नव्हे.

तेच ओळखलं जात नसेल तर खरी गोष्ट २०२३ची. फेब्रुवारीत ई२एफएसप्रॉग्स (एक्स्ट फाइलसिस्टिम बनवणाऱ्या-तपासणाऱ्या साधनांचा संच) १.४७.० आलं आणि नव्या एक्स्ट४वर 'मेटाडेटा-सीसम-सीड' आपोआप चालू होऊ लागलं. काम एवढंच की चेकसमचं (डेटा बिघडला का ते पडताळणारा आकडा) बीज सुपरब्लॉकमध्ये, म्हणजे फाइलसिस्टिमच्या माहितीच्या नोंदीत, ठेवायचं, म्हणजे माउंट असतानाही यूयूआयडी (फाइलसिस्टिमचा ओळख क्रमांक) बदलता येतो. ग्रब हे चेकसम तपासतच नाही, त्यामुळे वाचायला काहीच अडचण नव्हती. पण हे फीचर 'इनकम्पॅट' गटातलं, म्हणजे 'समजत नसेल तर हात लावू नका'. ग्रब २.०६ने हा बिट पाहिला आणि नियमाप्रमाणे हात काढून घेतला. २.०६ जून २०२१चं. या बिटकडे काणाडोळा करणारं २.१२ आलं डिसेंबर २०२३मध्ये. मधल्या काळात नव्या लाइव्ह यूएसबीवरून फॉरमॅट करून त्यावर जुनं डिस्ट्रो (लिनक्सची आवृत्ती) टाकणारे बरेच जण अडकले. डेबियन १२ने तर १.४७.० घेतलं, पण हे फीचर मुळातच बंद ठेवून.

तपासायचं असं: 'डम्पई२एफएस -एच' चालवून फीचर्सची ओळ वाचा. मग 'ग्रब-प्रोब -टी एफएस -डी' पुढे पार्टिशन द्या; ते ग्रबचाच ड्रायव्हर वापरतं, म्हणून रीबूट न करताच उत्तर मिळतं. मात्र क्रूटमध्ये जाऊन (लाइव्ह यूएसबीवरूनच बसवलेल्या सिस्टिमच्या आत शिरून), बसवलेल्या सिस्टिमचंच ग्रब-प्रोब चालवा. यूएसबीवरचं नवं असेल तर ते खुशाल 'एक्स्ट२' म्हणेल आणि तुम्ही पुन्हा मलाच विचाराल.

इलाज: क्रूटमधून बाहेर या, पार्टिशन अनमाउंट करा, मग 'ट्यूनटूएफएस -ओ ^मेटाडेटा_सीसम_सीड'. इथे 'ओ' मोठ्या लिपीतला. एवढ्यासाठी ग्रब पुन्हा बसवावं लागत नाही. एक्सएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टिमवर ही सोय नाही: तिथलं 'बिगटाइम' फीचर चालू करता येतं, काढता येत नाही, तिथे ग्रबच २.०६ किंवा पुढचं हवं. झेडएफएस या आणखी एका फाइलसिस्टिमच्या बूट पूलवर (बूटच्या फायलींसाठीचा डिस्कचा साठा) 'झेडपूल अपग्रेड' मारलंत आणि नवी फीचर्स वापरात आली, तर बहुतेक वेळा पूलच नव्याने बांधावा लागतो. तो बनवतानाच 'कम्पॅटिबिलिटी=ग्रब२' द्यायचं असतं.

'मग वेगळं /बूट ठेवलं तर?' मी स्वतः हे सरसकट सांगत आलोय: एक जीबीचं, साध्या एक्स्ट२चं. आता तेवढ्या ठामपणे सांगवत नाही. एक्स्ट२ला जर्नल नाही, आणि कर्नल अपडेट चालू असताना वीज गेली तर अर्धवट फाइल राहू शकते. बीटीआरएफएस फाइलसिस्टिमवाल्यांची अडचण आणखी वेगळी: रूटचा (मुख्य सिस्टिमचा) स्नॅपशॉट, म्हणजे जुन्या क्षणाची प्रत, मागे नेला तरी /बूटमधलं कर्नल पुढेच राहतं आणि त्याची मॉड्यूल्स रूटवर नसतात. तरी वेगळं /बूट नको असंही म्हणवत नाही. झेडएफएस रूट असेल तर ग्रबसाठी साधा, वेगळा बूट पूल हवाच.