विकत आणल्यासारखी

वहिनींनी गोधडी उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाल्या, "अगदी विकत आणल्यासारखी झालीय गं!" मनापासून म्हणाल्या. मग दुपारपासून मला हे टोचतंय का?

हिशेबाने सगळं बरोबर आहे. कापड आधी धुऊन कांजी काढलेलं, वरच्या थराला ५ इंचांचे चौकोन, शिवण पाव इंच. ही पाव इंचाची शिवण जीव खाते. दर शिवणीला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, इकडेतिकडे झालं, तर १६ चौकोनांच्या रांगेत जवळजवळ २ इंचांचा फरक पडतो आणि शेजारच्या रांगेशी कोपरे भिडत नाहीत. म्हणून पट्टी, खडू, टाचण्या. कोपरे भिडले. भिडले म्हणूनच ती विकतची दिसते! चौकोन काय, कुणीही कापावेत. रंगही दुकानातल्या गठ्ठ्यात आधीच एकमेकांशी जुळवून ठेवलेले. मग माझं त्यात काय? धरलेली मान.

सासूबाईंच्या पातळाबद्दल आज लिहीत नाही.

विकत आणल्यासारखी. वाकळेला असं कुणी म्हटलं नसतं. दोन सुती साड्या मधोमध दुमडल्या की चार थर झाले, ४५ इंच रुंद आणि साधारण ९ फूट लांब. जमिनीवर अंथरायच्या, कोपऱ्यांवर डबे ठेवायचे, वीत-वीत अंतरावर कच्चे टाके घालायचे. मग कडेने धावदोरा सुरू करून चौकोनात चौकोन घेत आत जायचं. कच्च्या टाक्यांत आळस केला की वरचा थर सुईपुढे सरकत राहतो आणि शेवटी मधोमध फुगा येतो. तो उसवल्याशिवाय जात नाही. चार थरांत सुईवर तीन-चार टाके एकदम चढतात. थर वाढवले की एकेक टाका ओढत बसा आणि बोटांची चाळण करून घ्या. दोरा हातभरच घ्यावा, लांब घेतला तर पीळ बसून गाठी होतात. जरीचे काठ आधीच उसवावेत, नाहीतर रात्रभर अंगाला टोचतात.

आणि दोन ओळींमधलं अंतर? बोटभर. पट्टी कुणी घेत नाही. बोट ज्याचं त्याचं.

हे लिहिता लिहिता उठून गोधडीची पाठ बघून आले. चौकोन पट्टीचे असले तरी धावदोरा बोटाच्याच मापाचा आहे. अस्तरावर स्पष्ट दिसतं: कडेला टाके आखूड, मधे हात पोचत नाही तिथे लांबलेले, आणि प्रत्येक ओळ शेवटाकडे जराशी डावीकडे झुकलेली. माझ्या सहीसारखी. हे विकत मिळायचं नाही. मिळालं तरी कोण घेणार म्हणा!

कर्नाटकात उत्तर कन्नडमधल्या सिद्दी, म्हणजे मूळच्या आफ्रिकी वंशाच्या, बाया कवंदी नावाची त्यांची गोधडी शिवतात, तिथे तर वरचा थर आधी जोडतच नाहीत. कडेपासून शिवत निघायचं आणि वाटेत हाताला येईल तो तुकडा कड दुमडून बसवत जायचं. चार कोपऱ्यांवर कापडाची दुमडलेली फुलं लागली की कवंदी पुरी झाली. इतकं मोकळं मला झेपणार नाही. मी तुकडे आधी मांडून मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढणारच, कारण रंग कितीही वेगळे असले तरी गडद-फिकट सारखंच असेल तर सगळं एकमेकांत मिसळून जातं. असू दे, ती माझी खोड.

पण पुढच्या वेळी गठ्ठा आणायचा नाही. कपाटात इरकलचा लाल पदर पडून आहे. रंग सुटायची भीती, आणि रेशमाला सुती थरांसारखं धोपटून चालायचं नाही. आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने कोपरा चोळून बघायचा. फडकं लाल झालं तर त्याची वेगळी उशी, नाही झालं तर मधोमध, चौकोनबिकोन न कापता, अख्खा.