बोंडअळी आणि पासवर्ड

आज परभणीकडच्या एका बीटी कपाशीत (जिवाणूचं जनुक घातल्यामुळे स्वतःच अळीमारक विष बनवणाऱ्या) बोंडं फोडून बघितली, तर आत गुलाबी अळी! हा पासवर्ड शोधण्याचाच प्रकार. प्रत्येक अळी एक प्रयत्न. समजा एका विषाला पुरून उरणारी अळी दहा लाखांत एक, तर दोन्ही विषं एकदम पचवणारी दहा लाख गुणिले दहा लाखांत एक. पण आपल्याकडे 2002 ला एकाच विषाचं जनुक आलं, दुसऱ्याचं 2006 ला. म्हणजे कोडं तुकड्यातुकड्यानं सोडवायची मुभाच मिळाली! त्यात फरदड ठेवली, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी शेतात राखली, की अळीच्या पिढ्या वाढतात, प्रयत्नही वाढतात. साध्या (बीटी नसलेल्या) कपाशीच्या ओळी म्हणूनच हव्यात: तिथले पतंग प्रतिकारक पतंगांशी जुळले की होणाऱ्या अळ्या बहुतेक बीटीवर मरतात. लोक नेमकं तेच साधं बियाणं बांधावर टाकून द्यायचे, याचं फार वाईट वाटतं. डिसेंबरअखेर पऱ्हाट्या (कपाशीची उरलेली झाडं) उपटाच.