शो पाऊण तास अडकला तेव्हा

थेटरात ऑपरेटर म्हणून बरीच वर्षं काढली, आधी रिळं चढवायचो आता सर्व्हरवर बटणं दाबतो. पिक्चर बघायचा तो केबिनच्या छोट्या काचेतून, आवाज मॉनिटर स्पीकरवर, तोही मशीनच्या घरघरीत. पब्लिक आपसात काय बोलतं ते वर येतच नाही, नुसती डोकी दिसतात.

त्या संध्याकाळी पिक्चर उघडेचना. डिजिटल पिक्चर कुलूप लावून येतो, त्याची किल्ली म्हणजे केडीएम नावाची बारकी फाईल, ती ठरलेल्या सर्व्हरवर आणि ठरलेल्या तारखांपुरतीच चालते. आमच्या सर्व्हरचा मीडिया ब्लॉक, म्हणजे ते कुलूप उघडणारा भाग, दोनच दिवसांपूर्वी बदललेला आणि किल्ली आलेली जुन्याच नंबरवर! फोन केले तर "नवीन बनवून पाठवतो, थांबा". अहो रीळ तुटलं तर दोन मिनिटात चिकटवून परत चालू करता यायचं, इथे हात बांधून बसायचं.

मॅनेजर सुट्टीवर, म्हणून मीच खाली जाऊन सगळं खरं सांगितलं. थोडी बोलणी खाल्ली, सात-आठ जण पैसे परत घेऊन गेले, बाकीचे बसून राहिले. मी दाराशी फोन धरून उभा, तेवढ्यात पुढचे एक काका म्हणाले, तुम्ही तर हजारो पिक्चर पाहिले असतील, आवडता कुठला? आता काय सांगणार, मला पिक्चरचा उजवा वरचा कोपराच पाठ! तिथे रीळ संपायच्या साधारण आठ सेकंद आधी एक ठिपका येतो, म्हणजे दुसरं मशीन चालू करायचं, मग अगदी शेवटी दुसरा ठिपका, की चेंजओव्हर, म्हणजे पडद्यावरचा पिक्चर दुसऱ्या मशीनवर घ्यायचा. दर वीस मिनिटांनी हेच, हॉलमधे लोक रडतायत आणि मी ठिपक्याची वाट बघतोय. एक मुलगी म्हणाली, अय्या मला ते प्रिंट खराब झाल्याचे डाग वाटायचे.

मग काय, सगळेच सुरू झाले. कोणी किती वेळा काय पाहिलं, कोण कुठे रडलं. आणि शोलेवर जुंपली. एक काकू सांगतायत शेवटी पोलीस येतात आणि ठाकूर गब्बरला त्यांच्या ताब्यात देतो, मी थेटरात पाहिलाय. मागच्या रांगेतला एक पोरगा म्हणतो नाही हो काकू, ठाकूर मारतो त्याला, मी स्वतः पाहिलंय. दोघंही इरेला पेटले, निम्मा हॉल इकडे निम्मा तिकडे. मी म्हणलं थांबा, दोघंही बरोबर आहात. १९७५ मधे, आणीबाणी चालू असताना, ठाकूरने गब्बरला मारलेलं सेन्सॉरला चाललं नाही, म्हणून पोलीस आणून शेवट बदलला, मूळ शेवटवाली कॉपी नंतर लोकांना बघायला मिळाली. काकू गप्पच झाल्या, मग म्हणाल्या, म्हणजे मी इतकी वर्षं खोटा शेवट बघत होते? पोरगा म्हणाला खोटा कसा, रिलीज तर तोच झाला होता ना. आता तो त्यांची बाजू घ्यायला लागला, गंमतच.

त्याच्यावर काकू काय म्हणाल्या ते राहिलंच, कारण किल्ली आली आणि मी वर पळालो. लोड करून तपासून लाईट बंद केले तेव्हा पाऊण तास उशीर झालेला.

इंटरव्हलला सवयीने काचेतून खाली पाहिलं. काकू आपली सीट सोडून मागच्या रांगेत त्या पोराच्या शेजारी बसल्या होत्या, हातवारे करून काहीतरी सांगत होत्या. ऐकू अर्थातच काही आलं नाही.