नेक चिरली म्हणजे पावडर जास्त झाली असं नाही

काडतुसाच्या केसच्या (पितळी नळीच्या) नेकवर, म्हणजे बुलेट बसते त्या तोंडाकडच्या अरुंद भागावर, उभी चीर दिसली की नवा रिलोडर, म्हणजे वापरलेल्या केस घरी परत भरणारा, घाबरतो आणि पहिलं विचारतो, पावडर जास्त पडली का? बहुतेक वेळा पावडरचा काही संबंध नसतो. प्रेशर जास्त झालं की ते केसच्या बुडाशी दिसतं, बोल्ट उचलायला जड जातो, बुडावर इजेक्टरचा (केस बाहेर ढकलणाऱ्या पिनचा) चकचकीत ठसा उमटतो, प्रायमर पॉकेट, म्हणजे ठिणगी देणारी टोपी बसते तो खड्डा, सैल पडतं. नेक चिरणं हे दुखणंच वेगळं आणि ते सहसा पितळाचं असतं.

इथे टेक्सासमध्ये आम्ही काही मराठी लोक .३०८ आणि .३०-०६ या रायफलींची काडतुसं घरीच भरतो, त्यामुळे असे फोन मला मराठीतच येतात, "दादा, अजून दोन केस गेल्या बघ." मी आधी उलटं विचारतो, चीर कुठंय, उभी की आडवी, किती केसना आणि फायर करायच्या आधी होती की नंतर. अर्धं निदान इथेच होतं.

सगळ्यात कॉमन प्रकार म्हणजे बऱ्याच वेळा भरलेलं ब्रास (पितळी केस), आणि त्यातल्या एखाद-दुसऱ्या केसला तोंडापासून सुरू झालेली उभी चीर. काडतुसाचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त. फायर केलं की नेक फुगते, मग सायझिंग डाय, म्हणजे केस दाबून परत मापात आणणारा साचा, तिला गरजेपेक्षा जास्तच आवळतो आणि बाहेर काढताना डायमधला गोळा, एक्स्पांडर बॉल, तीच नेक आतून परत रुंद करतो, म्हणजे एका फेरीत तीन वेळा ओढाताण. पुण्यात तांबट आळीत ठोकून ठोकून भांडं कडक झालं की तापवून मऊ करून घेतात, इथेही तेच करायला लागतं, नाहीतर नेक फाटते. चीर पडायच्या आधीपण कळतं खरं तर. कडक ब्रास सायझिंगनंतर थोडं उसळून परत उघडतं, त्यामुळे बुलेट बसवताना एक सैल एक घट्ट असं हाताला लागायला लागतं. आणि रिकाम्या केस मुठीत घेऊन हलवा, चिरलेली असेल तर खणखणीत आवाजात एक बद्द आवाज येतो. डोळ्याला न दिसलेली चीर कानाने सापडते.

पण नवंकोरं ब्रास पहिल्या-दुसऱ्या फायरिंगलाच चिरायला लागलं, आणि तेही ढिगाने, तर कॅलिपर काढा. फायर केलेल्या नेकचा बाहेरचा व्यास, सायझिंगनंतरचा आणि बुलेट बसवल्यावरचा, तिन्ही मोजा. पहिल्या दोनात फरक मोठा असेल तर चेंबरची (बंदुकीत काडतूस बसतं त्या जागेची) नेक सैल आहे किंवा डाय फार आवळतोय. चेंबर बदलता येत नाही, बुशिंग डाय, म्हणजे नेक किती आवळायची ते ठरवता येणारा डाय, घेता येतो. मोजमापं ठीक असतील तर ब्रासचा तो लॉटच खराब समजा.

आता तिसरा प्रकार, मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटणारा. काडतूस फायरच केलेलं नाही, भरून डब्यात ठेवलंय आणि नेक चिरली! ही भानगड इंग्रजांच्या फौजेला आपल्याकडेच नडली होती. पावसाळ्यात काडतुसं तबेल्यात ठेवायची आणि कोरड्या दिवसांत काढून बघावं तर चिरलेली. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि पितळात आधीच दबून राहिलेला ताण, तिन्ही एकत्र आले की पितळ तडकतं. याला सीझन क्रॅकिंग म्हणतात, १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी ते उलगडून दाखवलं. तबेले गेले पण अमोनिया घरात आहेच, पितळ चमकवायच्या काही पॉलिशमध्ये, बॅरलमधलं तांबं काढायच्या काही सॉल्व्हंटमध्ये, आणि हो, मांजराच्या लिटर बॉक्समध्येसुद्धा, तेव्हा काडतुसांचे डबे त्या कोपऱ्यात ठेवू नका.

उपाय अ‍ॅनीलिंग, म्हणजे तापवून मऊ करणं, पण फक्त नेक आणि शोल्डर (नेकखालचा उतरता भाग), बूड थंडच राहिलं पाहिजे. .३०८ ला कमाल प्रेशर ६२,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) धरतात, ते झेलतं ते कडक बूड, ते मऊ झालं तर चिरलेल्या नेकपेक्षा शंभरपट वाईट. म्हणून पूर्ण केस ओव्हनमध्ये भाजायची आयडिया कोणी दिली तर ऐकू नका. टॉर्चची ज्योत काही सेकंद, केस फिरवत, आणि अंदाजाने रंग बघण्यापेक्षा टेम्पिलॅक नावाचा लेप लावा, तो ठरलेल्या तापमानाला वितळतो. मिलिटरी ब्रासच्या नेकवर निळसर-तपकिरी छटा असते ना, ती अ‍ॅनीलिंगचीच खूण, डाग समजून घासत बसू नका. आणि अ‍ॅनीलिंगने चीर सांधत नाही, बाकीच्या लॉटचं आयुष्य वाढतं एवढंच.

आडवी चीर मात्र हसण्यावारी नेऊ नका. बुडाच्या थोडं वर गोल चकाकती रेघ दिसली तर पेपरक्लिपचं टोक वाकवून आतून फिरवा, खाच लागली म्हणजे केस तिथे पातळ झालीय आणि पुढच्या वेळी दोन तुकडे होऊ शकतात. तिथे कारण हेडस्पेस, म्हणजे चेंबरमध्ये केसला मिळणारी जास्तीची मोकळी जागा, बहुतेक वेळा डायने शोल्डर फार मागे ढकललेला असतो. अशी एक सापडली तर पूर्ण लॉट तपासा. नेक चिरलेली असो की ही, पक्कडीने तोंड चेपूनच भंगारात टाका, नाहीतर टंबलरमधून (केस घासून चमकवणाऱ्या यंत्रातून) परत चकचकीत होऊन तुमच्याच टेबलावर येते.